नहरकोटची वही : एका कुमार-कादंबरीच्या कामाच्या नोंदी

३ मार्च २०२५

आजपासून कादंबरीचं काम रीतसर सुरू. वाचक तेरा ते सतरा वयाचे. गाभा एवढाच ठरलाय : जादूवर बंदी असलेलं शहर आणि त्यात पोटासाठी चोऱ्या करणारी पंधरा वर्षांची गोदी. पुढे कधीतरी तिला कळतं की ज्या विद्येवर बंदी आहे ती आपल्याच अंगात आहे.

असा सांगाडा इंग्रजीत मुबलक आहे आणि आपली मुलं त्या कादंबऱ्या झपाटल्यासारखी वाचतात. त्यांत बंदी घालणारे बहुधा दुष्ट, जादू जाणणारे सोसणारे आणि चांगले. वाचकाने कुणाच्या बाजूने उभं राहायचं ते पहिल्या प्रकरणातच ठरून जातं. मराठीत मला ते इतकं सोपं ठेवता येत नाही. महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्ध खराखुरा कायदा आहे. तो व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं गावोगाव फिरले, २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात पुलावर त्यांचा गोळ्या घालून खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला. डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. मला हा कायदा हवा आहे. तो अजून कसोशीने राबवला जावा असं मला मनापासून वाटतं.

मग बंदी मोडणारी पोर माझी नायिका कशी होईल? हाच प्रश्न धरून लिहायचं.

९ मार्च

कायद्याचा मजकूर पुन्हा नीट वाचला. नावातच ‘नरबळी’ सगळ्यात आधी येतो. मागे बारा बाबींची अनुसूची जोडलेली आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरखंडाने, साखळीने बांधून मारणं. साप किंवा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र, गंडेदोरे करत बसणं. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं, आणि त्याच वाक्यात जलस्रोतांच्या शोधासाठी केलेले प्रकारही. पाण्यासाठी माणूस मारला जाऊ शकतो हे कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. हे वाचताना माझ्या शहरात कसली टंचाई असणार ते मला कळलं.

आणखी एक बाब मला फार मोलाची वाटते. अमुक बाई करणी करते, तिच्यामुळे ढोरं दूध देईनाशी झाली, असं म्हणून तिचं जगणं मुश्किल करणं हाही गुन्हा आहे. जिला गाव ‘जादूवाली’ ठरवतं तिच्या पाठीशी हा कायदा उभा राहतो. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत, पण कुणीतरी काहीतरी केलेलं असावं लागतं आणि ते सिद्ध व्हावं लागतं.

कृत्याला शिक्षा. हे दोन शब्द कामाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. माझ्या शहरातली बंदीसुद्धा सुरुवातीला अशीच असणार. योग्य कारणासाठी, योग्य माणसांनी घातलेली.

२३ मार्च

शहरासाठी लांब जायची गरज नाही. मी राहते त्या छत्रपती संभाजीनगरच्या पोटातच ते आहे.

मलिक अंबर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणला गेला, हातोहात विकला गेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचं हेच शहर. गावाला पाणी नव्हतं, म्हणून उत्तरेकडच्या डोंगरांतून जमिनीखालून नहर आणली. झिरपून आलेलं पाणी भुयारात गोळा व्हायचं, वाटेत ठिकठिकाणी आत उतरायला उभ्या विहिरी, पुढे खापरी नळ, मध्येच पाण्याचा दाब सांभाळायला उंच मनोरे. उपसायला बैल नाही, मोट नाही; सगळं उतारावर आणि दाबावर. मलिक अंबर १६२६ मध्ये गेला. त्याच्यानंतर शहराचं नाव बदललं, धनी बदलले, नहर वाहत राहिली.

आज पाणचक्कीवर बराच वेळ थांबले. हौदाकडे सगळेच बघतात. मला त्याखालचं दालन बघायचं होतं. तिथे उभं राहिलं की डोक्यावरचं छत म्हणजेच वरच्या हौदाचा तळ. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत भिंतीला तळहात टेकवला तर गारवा मनगटापर्यंत चढत होता. गोदी पहिल्यांदा पाण्याची चाहूल ऐकते ती अशाच खोलीत, छताला कान लावून. तिला वाटतं, वर कुणीतरी बोलतंय.

शहराचं नाव नहरकोट. तटबंदी, दरवाजे, प्रत्येक दरवाजावर चौकी. रात्री तोफ झाली की रस्त्यावर दिसेल त्याला धरायचं, ही रीत पेशवाईतल्या पुण्यावरून घेतली. घाशीराम कोतवालाच्या काळात ती किती भयंकर झाली आणि १७९१ मध्ये लोकांनी त्याचा कसा शेवट केला, ते सगळ्यांना माहीत आहे. माझा कोतवाल तसा क्रूर नसेल. तो नेमस्त, वेळेवर जेवणारा, कागदपत्र चोख ठेवणारा माणूस असेल. चोख कागदपत्रांचीच मला जास्त धास्ती वाटते.

५ एप्रिल

जादू ठरली : पाणाडेपण.

मराठवाड्यात पाणाड्या कुणाला समजावून सांगावा लागत नाही. बोअर घ्यायचा म्हटलं की तळहातावर नारळ धरून नाहीतर दुफाट्याची काडी घेऊन रान फिरणारा माणूस येतो. नारळ उभा राहिला की इथं लावा मशीन. खऱ्या आयुष्यात नारळाचा आणि पाण्याचा काही संबंध नाही. आपल्याकडचा खडक बेसाल्टचा; पाणी त्याच्या भेगांत, सांध्यांत, सच्छिद्र थरांत साठतं, आणि ते शोधायला भूजलाचा अभ्यास लागतो. नारळाच्या भरवशावर कर्ज काढून कोरडी बोअर पाडलेली घरं मी पाहिली आहेत. म्हणून हे फार जपून लिहायला हवं.

कादंबरीत पाणाड्याला पाणी खरंच ऐकू येतं आणि त्याने हाक मारली की ते येतं. पण येतं ते कुठून तरी. एका विहिरीला पाणी लागलं की दुसरी कुणाची तरी विहीर बसते. हा नियम मी खऱ्या जगातून उचललाय : शेजाऱ्याने सहाशे फुटांवर बोअर नेला की आपली जुनी विहीर आटते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. जादू फुकट नाही आणि तिची किंमत हाक मारणारा सोडून दुसराच कुणीतरी मोजतो. एवढ्या एका नियमातून निम्मं कथानक आपोआप उभं राहतं.

बंदीचं कारण : साठ वर्षांपूर्वी, लागोपाठच्या तिसऱ्या दुष्काळी वर्षी, एका पाणाड्याने बारवेला पाणी लागावं म्हणून मुलाचा बळी द्यायला लावला. बारवेत लेक-सून बळी दिल्याच्या कहाण्या आपल्या लोककथांत आहेत आणि त्या ऐकताना आजही अंगावर काटा येतो. बळी देऊन पाणी आलं नाही. शहर पेटून उठलं आणि बंदी आली. माझ्या वाचकाने इथे बंदीच्या बाजूने उभं राहिलंच पाहिजे. त्या मुलाला नाव हवं. किसन. वय सात.

२२ एप्रिल

तीन प्रकरणं झाली. विशेष लिहिण्यासारखं काही नाही. चौकी, तोफ, रात्रीचा बाजार एवढं मार्गी लागलं.

१० मे

चोरीची विद्या. यासाठी शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चा तिसरा अंक पुन्हा वाचला. देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणलं, त्यामुळे त्यातला चोर शर्विलक आपल्याला परका नाही. पण मूळ अंकात चोरीचं जे शास्त्र आहे ते वाचताना मी थक्कच झाले. चारुदत्ताच्या भिंतीपाशी उभा राहून तो विचार करतो की भोक कसं पाडावं. पक्क्या विटा असतील तर ओढून काढाव्यात, कच्च्या असतील तर कापाव्यात, मातीचे पेंड असतील तर पाण्याने भिजवावेत, लाकूड असेल तर फोडावं. भोकाचे आकार सात : उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक, पूर्णकुंभ... माप घ्यायला दोरी विसरला म्हणून जानव्यानेच मोजतो. भोकातून आधी माणसाचा पुतळा आत सरकवतो, कुणी जागं असेल तर घाव त्याच्यावर पडावा. आणि घरात पुरलेलं धन आहे का ते बघायला मंतरलेलं बी जमिनीवर टाकतो. आधी तो कार्तिकेयाला आणि चोरविद्येच्या आचार्यांना नमस्कार करतो. गुरूने दिलेला लेप लावला की पहारेकऱ्याला दिसत नाही आणि शस्त्र लागलं तरी इजा होत नाही, असंही सांगतो.

म्हणजे आपल्याकडे चोर आणि जादू पूर्वीपासूनच एका घरात राहतात.

गोदीला मी यातलं भिजवणं दिलं. नहरकोटातली गरीब वस्ती धाब्याच्या घरांची, पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींची. त्या भिंतीला पाणी मारत राहिलं की खिळ्यानेही माती निघते, आवाज होत नाही. पण शहरात पाण्याचा दुष्काळ आहे. आज हे दृश्य लिहिलं : सावकाराच्या कोठाराच्या मागे गोदी बसलेली, जवळ तांब्याभर पाणी. दिवसभर ती प्यायलेली नाही. तांब्या भिंतीवर रिकामा करायचा की घशात, हे तिला ठरवायचंय. ती ओंजळभर पाणी तोंडात घेते, गिळत नाही, आणि फुंकरून फुंकरून भिंतीवर मारते. शेवटचा घोट मात्र गिळते. सगळ्या कादंबरीत आतापर्यंत मला सगळ्यात जवळचं वाटलेलं पान हेच.

२८ मे

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त कंटकशोधन नावाचं चौथं अधिकरण आहे. त्यातला एक डाव कादंबरीत जसाच्या तसा बसतो.

राजाचे हेर सिद्धपुरुषांच्या वेषात गावात जातात आणि वाकड्या वाटेला लागलेल्या तरुणांना गाठतात. आमच्याकडे मंत्र आहेत म्हणतात : लोकांना झोपवणारा, अदृश्य करणारा, बंद दार उघडणारा. पोरांना प्रचिती दाखवायची म्हणून रात्री एका वस्तीत नेतात. तिथली माणसं आधीच सांगून ठेवलेली. मंत्र म्हटला की दार उघडतं, कारण आत उभा असलेला माणूस कडी काढतो. मंत्र म्हटला की घरचे झोपतात, म्हणजे झोपेचं सोंग घेतात. पोरांचा विश्वास बसला की त्यांच्याकडून खरी चोरी करवून घ्यायची आणि खूण करून ठेवलेल्या मालासकट धरायचं.

दोन हजार वर्षांपूर्वीचा हा मजकूर वाचून मी खुर्चीतून उठले आणि घरात येरझाऱ्या घालत राहिले. नहरकोटात जादूवर बंदी आहे, आणि शहरात सगळ्यात जास्त जादू विकतो तो कोतवालाचाच माणूस. गोदीचा जिवलग मित्र सोपान याच जाळ्यात सापडेल. तो पाणाड्या नाहीच. त्याला फक्त एकदा स्वतःहून उघडणारं दार बघायचं होतं. चौदा वर्षांच्या पोराला दुसरं काय हवं असतं? तो पकडला जातो तेव्हा त्याचं दुःख तुरुंगाचं नसतं. दार उघडलं होतं ते खोटं होतं, याने तो मोडतो.

सहावं, सातवं आणि आठवं प्रकरण यावरच.

१३ जुलै

ओळखीच्या एका वाचनालयात आठवी-नववीच्या मुलामुलींना पहिली आठ प्रकरणं वाचून दाखवली. मुलं सरळ बोलतात. किसनच्या बळीच्या प्रकरणानंतर कुणीच बोलेना. मग एक मुलगा म्हणाला, “बंदी बरोबर आहे ना मग?” मी हो म्हटलं. सोपानच्या अटकेनंतर तोच मुलगा म्हणाला, “आता मला कोतवालाचा राग यायलाय, पण बंदीचा येत नाही.” मला नेमकं हेच हवं होतं. दोन राग वेगळे ठेवता आले पाहिजेत.

मागे बसलेल्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, हजेरीच्या वहीत गोदीच्या आजीचं नाव कुणी लिहिलं?” मसुद्यात ते कुठेच नव्हतं. पाणाड्यांच्या घरांची हजेरी ठेवणारी वही होती, लिहिणारा नव्हता. तिच्या या प्रश्नामुळे कादंबरीला एक माणूस मिळाला : चावडीतला म्हातारा कारकून. सुंदर अक्षर, शाई घरी करतो, नातवंडांवर जीव. चाळीस वर्षं नावं लिहितोय.

३१ ऑगस्ट

आज विमुक्त दिन. ही नोंद लांबेल, कारण सगळी कादंबरी इथेच येऊन ठेपते.

इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखादी जमातच्या जमात जन्माने गुन्हेगार ठरवायची, माणसांची नोंद करायची, हजेरी लावायची, परवान्याशिवाय हद्द सोडू द्यायची नाही. १९११ च्या कायद्याने बोटांचे ठसे घेण्याची सोय झाली आणि कुटुंबंच्या कुटुंबं वसाहतींत डांबली गेली. सोलापूरच्या सेटलमेंटचं तारेचं कुंपण त्या भागातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतं. हा कायदा देशभरातून रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. पारधी, कैकाडी आणि आणखी कितीतरी समाजांवरचा शिक्का त्यानंतरही पुसला गेला नाही. चोरी झाली की पोलीस आधी कुठल्या वस्तीवर जातात ते विचारून बघावं.

चोर मुलीवर मराठीत कादंबरी लिहायची तर या इतिहासाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. म्हणून दोन गोष्टी पक्क्या केल्या. गोदी जन्माने चोर नाही. तिच्या घरात, नात्यागोत्यात कुणी चोर नाही. बाप दुष्काळात गेला, आजी अंथरुणाला खिळली, हाताला काम मिळेना कारण घर हजेरीवर, म्हणून ती भिंती भिजवायला शिकली. आणि दुसरी : नहरकोटची बंदी ज्या क्षणी बिघडते तो क्षण वाचकाला बोट ठेवून दाखवता आला पाहिजे.

बंदी आणणाऱ्यांनी बळी देणाऱ्याला शिक्षा दिली. मग त्याला साथ देणाऱ्यांना. इथपर्यंत मी त्यांच्यासोबत आहे. नंतर कुणीतरी म्हणालं, पाणाड्यांच्या सगळ्याच घरांवर लक्ष ठेवलेलं बरं. मग त्यांच्या मुलांची हजेरी. मग मुलांच्या मुलांची. कोणत्याही पायरीवर कुणालाही आपण वाईट काही करतोय असं वाटलं नाही. २०१३ चा कायदा विचारतो, तू काय केलंस? १८७१ चा कायदा विचारायचा, तू कुणाचा? माझं शहर साठ वर्षांत पहिल्या प्रश्नापासून दुसऱ्या प्रश्नापर्यंत घसरत गेलं. मार्चमध्ये जो प्रश्न घेऊन बसले होते त्याला माझ्यापुरतं हे उत्तर मिळालं. गोदी पहिल्या प्रश्नाच्या विरोधात नाही. ती दुसऱ्याच्या विरोधात उभी आहे.

म्हणून ती चोरणार आहे ती वही. सोनं नाही, राजमुकुट नाही, कुठला मंतरलेला खडाही नाही.

१४ सप्टेंबर

वही कशी दिसते ते ठरवण्यात सगळा दिवस गेला. लाल खारव्याचं बांधीव पुस्तक, उभे पाच रकाने : नाव, बापाचं नाव, राहणार, गुन्हा, साक्षीदार. पहिल्या सात पानांवर पाचही रकाने भरलेले, तपशिलात. आठव्या पानापासून साक्षीदाराचा रकाना कोरा. आणि गुन्ह्याच्या रकान्यात ‘वरीलप्रमाणे’.

वहीपर्यंत पोचण्याची वाट नहरेतून. चावडीच्या मागच्या मनोऱ्यात चढायचं, तिथून छपरावर. देवगिरीच्या किल्ल्यातल्या अंधारीतून चालताना पायाला जमीन किती उशिरा लागते, हात भिंतीवर कसा आपोआप जातो, ते मी लहानपणापासून अनुभवलंय. ते सगळं या प्रकरणात ओतलं. गोदीबरोबर नहर साफ करणारे बाबूमियाँ आहेत. ती त्यांना चाचा म्हणते.

५ ऑक्टोबर

सतरावं प्रकरण झालं. मधला तुकडा इथे उतरवून ठेवते, कारण मसुद्यावर दुसरा हात फिरवताना भाषा गुळगुळीत करायचा मोह होईल.

कोठडीत करडीच्या तेलाचा वास भरला होता. गोदीने दिवा वहीजवळ नेला. तिला अक्षरं जोडून जोडून वाचता यायची, तीही मोठी असली तर.

“चाचा, आज्जीच्या नावाम्होरं हे काय लिवलंय? ह्या रकान्यात?”

बाबूमियाँ वाकले. “वरीलप्रमाणे.”

“म्हंजी?”

“वरच्यानं जे केलं तेच हिनं केलं, असं.”

गोदीने बोट वर सरकवलं. वरच्या नावापुढेही तेच. त्याच्या वरही. तिने पान मागे उलटलं. खालपासून वरपर्यंत तोच शब्द, शाई तेवढी फिकी. आणखी मागे. आणखी. कुठल्यातरी पानावर कोवळ्या हाताचा ठसा होता, तिच्या अंगठ्याच्या निम्म्याने. तिने त्यावर आपला अंगठा ठेवला आणि उचलला.

“चाचा, ह्यातल्या कुणीच काही केलं नाही का?”

“एकानं केलं व्हतं, बेटा. साठ साल झाले.”

“मग त्याचं आमच्या म्होरं कामून लिवलं?”

बाबूमियाँनी दिव्याची वात खाली केली. “नवं लिहायला कुणी तरी विचारावं लागतं. हे लिहायला न्हाई लागत.”

गोदी मागे जात राहिली. सातव्या पानावर शब्द संपला आणि लांबलचक मजकूर आला. त्यात एक नाव होतं. किसन. वय वर्षं सात.

१९ ऑक्टोबर

शेवटाबद्दल संपादकांशी बोलणं झालं. त्यांना वही जळायला हवी होती. मुलांना आवडेल, दृश्य मोठं होईल, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण वही जाळली तर किसनही जळतो. साठ वर्षांपूर्वी एका मुलाला पाण्यासाठी मारलं याचा शहरातला एकमेव लेखी पुरावा पहिल्या सात पानांत आहे. तो नाहीसा करून मिळणारं स्वातंत्र्य मला नको, आणि मला वाटतं गोदीलाही नको असेल. तिने ते नाव वाचलंय.

म्हणून असं ठरवलं. गोदी वही उसवते. पहिली सात पानं पुन्हा खारव्यात बांधून चावडीत होती तिथे ठेवते. उरलेली नहरेतून घेऊन जाते आणि रात्रभर, तोफेची पर्वा न करता, ज्याचं पान त्याच्या दारात टाकत फिरते. किसनसाठी आलेली बंदी शहरात राहते. हजेरी संपते. ही माझ्या माहितीतली पहिली चोरी असेल जिच्यात चोर घरोघर जाऊन काहीतरी ठेवून येतो.

संपादकांनी एक रास्त शंका काढली : तिच्या अंगातल्या विद्येचं काय? वाचक सतरा प्रकरणं वाट बघतोय. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, टाक्यांपाशी जमावबंदी होती. त्या उन्हाळ्यातली रांग डोळ्यांपुढे आणून अठरावं प्रकरण लिहायला घेतलंय. सगळं शहर चावडीपुढे घागरी घेऊन उभं, लोक गोदीला म्हणतात, मार हाक. तिला पाणी ऐकू येतंय, स्पष्ट, खोल. तिला हेही ऐकू येतंय की ते पलीकडच्या वाडीच्या विहिरीचं आहे. ती आधी वाडीवर माणूस पाठवते, विचारायला. तहानलेली गर्दी तिच्यावर भडकते. वाडीहून उत्तर यायला संध्याकाळ होते आणि ते अर्धं हो असतं : दोन दिवस घ्या, तिसऱ्या दिवशी परत सोडा. गोदी तेवढंच बोलावते.

९ नोव्हेंबर

एकोणिसावं आणि शेवटचं प्रकरण पूर्ण. चार पानांचं आहे, वाढवायचं नाही.

कोतवाल नवी कोरी वही आणवतो. तो हरलेला नाही, चिडलेलाही नाही. पानं गेली तर पुन्हा लिहू, एवढंच त्याचं म्हणणं. कारकून टाक बुडवतो. पहिलं नाव सांगितलं जातं, तो लिहितो. बापाचं नाव लिहितो. राहणार, लिहितो. गुन्ह्याच्या रकान्यापाशी येऊन वर बघतो. वर काहीच नाही, पान कोरं आहे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला विचारावं लागतं, “सरकार, ह्यानं काय केलं ते सांगावं. आणि साक्षीला कोण?” कोतवाल काय उत्तर देतो ते लिहिलेलं नाही.

चित्रकाराला नहरेचा उभा छेद आणि दरवाजांचा नकाशा पाठवला. मनोऱ्यांची उंची उत्तरेकडून दक्षिणेकडे कमी होत गेली पाहिजे, नाहीतर पाणी चढणार नाही. हे त्यांना फोन करूनही सांगितलं. मुखपृष्ठावर झगा घातलेली, हातातून ठिणग्या उडणारी मुलगी नको, नऊवारीचा काचा मारलेली, हातात खिळा आणि तांब्या घेतलेली हवी. वाचनालयातल्या त्या मुलीला सतराव्यापासूनची प्रकरणं दिली आहेत. तिचं वाचून झालं की दुसरा हात सुरू करायचा. सोपानचं तुरुंगातलं प्रकरण त्यात वाढवायचं आहे, आणि कारकुनाच्या नातवंडांपैकी एकाला नाव द्यायचं आहे.